बोरमाळच्या शाळेची भिंत

रविवारची सुट्टी कस्तुराबाईनं शाळेला दिली. बुधवारी जिल्हा परिषदेचा इंजिनेर भिंत बघायला येणार म्हटल्यावर तिचं घरात मन लागेना. बांधकामाच्या साइटवर ती बिगारी, पण थापी हातात आली की गवंड्यानं बघत राहावं असा हात. मुकादमाकडून मागून आणलेलं सिमेंट नि चाळलेली वाळू घेऊन ती सकाळीच शाळेत आली. तिसरीच्या वर्गाची भिंत वरपासून खालपर्यंत फाटली होती. लेकराची मूठ आत जाईल एवढी भेग. तिची साक्षी त्याच भिंतीला पाठ लावून बसायची. कस्तुराबाईनं भेग बुजवली, वरनं गुळगुळीत लेप मारला, दोन दिवसांनी चुन्याचे दोन हात दिले. पाहुणा यायचा म्हणजे घर सारवून ठेवायचं, हेच तिला ठाऊक. साहेबाला शाळा आवडली तर साहेब पैसे देईल, असं तिच्या भोळ्या मनानं घेतलं होतं.

सरपंच हिंदुराव मोटारसायकल थांबवून हे बघून गेला. झ्याक केलंस म्हणाला नि किक मारून निघाला.

बुधवारी साहेब आला. दारात रांगोळी, भिंती पांढऱ्याफेक. त्यानं मोबाइलवर चार फोटो काढले आणि व्हरांड्यात खुर्ची टाकून बसला. शेजारी सरपंच, समोर कागद घेऊन रोहिदास गुरुजी, आणि खांबाला टेकून कस्तुराबाई. शाळा समितीत पालकांतर्फे तिचंच नाव होतं, म्हणून तिलाही साइटवर खाडा करून बसावं लागलं.

साहेब म्हणाला, दुरुस्तीचे पैसे एका शाळेपुरतेच आलेत आणि मागणाऱ्या अकरा आहेत. गुरुजींनी पडत्या आवाजात सांगितलं, की एक कंपनी अर्धा खर्च उचलायला तयार आहे, गावानं अर्धा घालावा. हिंदुरावनं मान हलवली. गावाचा निधी वेशीच्या कमानीला लागला होता. त्याचा स्वतःचा नातू पिवळ्या बसनं निगडीच्या इंग्लिश शाळेत जायचा.

"गुरुजी, आमी न्हाई म्हणत न्हाई," तो म्हणाला. "पर या शाळंत गावचं एक तरी पोर हाय का? समदी भाड्याच्या खोल्यांतल्या मजुरांची. आज हितं, उद्या मारुंजीला. कुणासाठी खर्च करायचा?"

साहेबानं पेनाचं टोपण लावलं. "आणि खरं सांगू का सरपंच, एवढी चकचकीत शाळा मी तालुक्यात बघितली नाही. हिला दुरुस्ती हवी असं लिहू तरी कसं?"

तेव्हा कुठं कस्तुराबाईला आपण काय करून बसलो ते कळलं. ती उठली, घंटा वाजवायचा लोखंडी हातोडा घेतला आणि तिसरीच्या वर्गात जाऊन आपल्याच लेपावर तीन घाव घातले. ओलसर गिलावा ढासळला. बाहेरचं ऊन भिंतीतनं आत आलं.

"बघा साहेब," ती म्हणाली. "माझं लेकरू इथं बसतं. म्या झाकलं हुतं, चुकलं माझं. पर आता बघा."

साहेबानं वाकून बघितलं आणि चटकन मागं सरला. बाहेर येऊन त्यानं कागदावर लिहिलं: धोकादायक. कस्तुराबाईला वाटलं, जिंकलो.

मग तो समजावून सांगायला लागला, अगदी मायेनं. धोकादायक इमारतीला दुरुस्तीचा पैसा लावता येत नाही. नवी बांधायची तर वेगळा प्रस्ताव, तो पुढच्या वर्षी, तोही पट बघून. तोवर या एकोणीस मुलांना हायवेपलीकडच्या शाळेत बसवायचं.

"त्याला खर्च किती?" हिंदुरावनं विचारलं.

"काहीच नाही."

"मग तेच बरं, राव."

गुरुजींनी ठराव लिहिला. हायवे कसा ओलांडायचा, असं कस्तुराबाईनं विचारलं. साहेब म्हणाला, पालकांनी लक्ष ठेवावं. हिंदुराव हसला नि म्हणाला, "भिंत तूच फोडलीस की बाई, आमी कुठं हात लावला?" पालकांतर्फे सही तिचीच लागत होती. तिनं केली.

सोमवारी हायवेकडेला एकोणीस पोरं उभी राहिली, बुधवारी सहा, गुरुवारी एकटी साक्षी. बाकीच्यांच्या आयांनी पोरं खोलीतच ठेवली. कस्तुराबाईचा नवरा नागसेन पहिल्या शिफ्टला पाचलाच जायचा, आणि तिला साइटवर नेणारा टेम्पो साडेसातला सुटायचा. चार दिवस तिनं साक्षीला पलीकडं पोचवलं, चारही दिवस टेम्पो चुकला. अजून एक खाडा झाला तर येऊ नकोस, असं मुकादमानं बजावलं.

शुक्रवारी तिनं लेकीची वेणी घट्ट घातली, डब्यात चपाती-गूळ दिला आणि रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसवलं. समोरून कंटेनर नि ट्रेलर धडधडत होते. एकालाही थांबायची सवड नव्हती.

"एकटीनं पाय टाकायचा न्हाई," तिनं पढवलं. "कुणी मोठं माणूस वलांडाया लागलं, का त्याच्या मागनं जायाचं. समजलं ना?"

साक्षीनं मान हलवली. टेम्पोत चढताना कस्तुराबाईनं मागं बघितलं नाही, बघितलं असतं तर उतरली असती.

संध्याकाळी साडेसहाला टेम्पोनं तिला तिथंच सोडलं. साक्षी त्याच दगडावर बसलेली होती. दप्तर पाठीला, केसांवर पांढरी धूळ, ओठ सुकलेले. डबा मात्र रिकामा.

"आई," ती म्हणाली, "दिसभर कुणीच पायी वलांडलं न्हाई गं."