भोकाचा पैसा

यमुताई गोगट्यांच्या घराची मागची भिंत गुरुवारी सकाळी हातभर पुढे सरकली. कारण साधं होतं. त्यांच्या भाच्याने, हेमंतने, शिवराईचा भाव मोठ्याने वाचून दाखवला होता.

"मावशी, ऐकलंस का? एका नाण्याला एवढे!" मोबाईलमधून मान वर न करता तो म्हणाला.

"ऐकलं. भिंतीनेही ऐकलं," असं म्हणत यमुताईंनी शिवणाचं मशीन पुढे ओढलं. नाहीतर ते चेपलंच असतं.

कराडात आता याचं कुणाला नवल राहिलं नव्हतं. शेजारच्या पाटणकरांकडे वडिलांच्या घड्याळाचा भाव निघाला, तेव्हा त्यांचं स्वयंपाकघर गेलं. घड्याळ विकल्यावर भिंत मुकाट मागे गेली. तेव्हापासून पाटणकर रिकाम्या मनगटाकडे बघून वेळ सांगतात आणि ती चुकते. भाव निघाला की वस्तू विकायची आणि जागा सोडवून घ्यायची, असं सगळ्यांचं चाललं होतं. यमुताईंना त्यांचा भयंकर राग यायचा.

त्यांची नाणी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असत. एकही विकत घेतलेलं नव्हतं. काही सापडली होती, काही त्यांनी सरळ मागून घेतली होती आणि मागताना त्यांना कधी लाज वाटली नव्हती. कमळाचं पितळी नाणं हळदीकुंकवाच्या ताटातलं. चारमिनारचा पैसा लातूरच्या एका बाईने एसटीत गप्पा रंगल्या म्हणून दिलेला. रोज जेवण झालं की यमुताई डबा चटईवर पालथा करायच्या आणि नाण्यांशी खेळायच्या. हो, खेळायच्याच. शाळेतून निवृत्त झालेल्या बाईला हे शोभत नाही, असं कुणी म्हणालं तर खुशाल म्हणो.

"विकून टाक, मावशी. तुझ्या भल्यासाठीच सांगतोय. उद्या तुला पाय पसरायला जागा उरायची नाही."

"मांडी घालीन."

हेमंतने चारमिनारच्या पैशाचा भाव काढला आणि पुढची भिंत दारासकट आत आली. दार आता पलंगाला टेकलं होतं, ते उघडेना. हेमंतने दोनदा धक्का मारून पाहिला, मग तो पुन्हा मोबाईलकडे वळला.

यमुताई उठल्या. त्यांनी पातेल्यात चिंच भिजवली, मीठ टाकलं आणि कोळ काढला. घासलेल्या नाण्याला जाणकार हात लावत नाहीत, घासलं की त्याचा भाव गेलाच, हे हेमंतनेच त्यांना बजावून ठेवलं होतं. नाण्यांना पाणीसुद्धा लावू नकोस, असं तो म्हणायचा. त्यांनी शिवराई कोळात बुडवली आणि अंगठ्याने खसाखसा घासली.

"मावशी! वाटोळं करशील!"

"करतेच आहे. बघ कसं छान होतंय."

शिवराई नव्या तांब्यासारखी लाल झाली. पाठोपाठ चारमिनार उजळला. कमळ घासताना एकदा उमललं आणि पुन्हा मिटलं. मग डब्यातली बाकीचीही एकेक करून उजळत गेली. यमुताईंना इतका आनंद झाला की त्या गाणं गुणगुणायला लागल्या. भिंती मागे गेल्या नाहीत, पण जागच्या जागी थबकल्या.

मग हेमंतने शिवणाच्या मशीनचा भाव सांगितला. त्याला सांगायचा नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्याने तोंडावर हात धरला, तर पलंगाचा भाव बोटांच्या फटीतून बाहेर पडला. छत खाली आलं. पातेल्याचा भाव निघाला, चटईचा निघाला. पलंग, मशीन आणि दार सगळंच भिंतींच्या पलीकडे गेलं. शेवटी मावशी आणि भाचा गुडघ्याला गुडघा लावून, माना वाकवून बसले. मधे डबा होता.

"मला थांबता येत नाहीये," हेमंत रडवेल्या आवाजात म्हणाला.

"मला कळतंय रे." त्यांनी चिंचेच्या हातानेच त्याच्या गालावर थोपटलं. "पण म्हणून मी विकायची नाही."

न घासलेलं एकच नाणं उरलं होतं. भोकाचा पैसा. लहानपणी यमुताईंच्या वडिलांनी काडेपेटीची गाडी केली होती आणि तिला चार भोकाचे पैसे चाकं म्हणून लावले होते. गाडी कुठल्याशा बिऱ्हाडात हरवली, हे एक चाक तेवढं राहिलं. त्यावरचा काळेपणा वडिलांच्या बोटांचा होता. त्याला चिंच लावायची नाही, हे यमुताईंनी केव्हाच ठरवलं होतं.

"तो घास, मावशी. पटकन घास. आकडा माझ्या जिभेवर आलाय."

"हा नाही घासणार."

"मग आपण चेपून मरू."

"सांग तू भाव. घाबरतोस कशाला? मोठ्याने सांग, म्हणजे भिंतींनाही नीट ऐकू जाईल."

हेमंतने डोळे मिटले आणि भाव सांगितला.

चारही भिंती एकदम आल्या. छत आलं, अंधार आला. सबंध घरात मोकळी जागा उरली ती पैशाच्या भोकाएवढी. त्यातून ऊन येत होतं. यमुताईंनी भोकाला डोळा लावला. पलीकडे शेणाने सारवलेलं मोठं अंगण होतं. मधोमध काडेपेटीची गाडी तीन चाकांवर कलून उभी होती आणि कुणीतरी तिच्याशेजारी उकिडवं बसून वाट बघत होतं.

"मावशी, आणि मी?"

"माझा पदर धर. आणि तोंड मीट."

पदराला ओढ बसली. यमुताईंनी डबा काखेत मारला, पैसा चिमटीत घट्ट धरला आणि तोच हात त्या पैशाच्या भोकात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला. पलीकडून कुणीतरी तळवा पुढे केला.