थोरलीची खळी

चित्रकार फेईने जुन्या नमुन्यांची चळत टेबलावर पसरली आणि कागद उडू नयेत म्हणून एका कोपऱ्यावर शाई उगाळायचा दगड ठेवला. एका कागदावर आरशात बघणारी बाई होती, एकावर केळीखाली पंखा घेऊन बसलेली, एकावर मांजराला खेळवणारी.

"यांतलं कुठलं काढू?"

थांग शेठ बराच वेळ कागद उलटेपालटे करत राहिला. सूजौ शहरात त्याचे रेशमी दोऱ्यांचे दुकान होते. बायकोला जाऊन शंभर दिवस झाले होते. पूजेच्या चित्रात असते तशी ताठ बसलेली नको, घरात वावरणारी, रोजची अशी ती त्याला बैठकीत हवी होती. पण रोजची म्हणजे कशी, ते सांगता येईना.

"भरतकाम करताना दाखवा," तो शेवटी म्हणाला. "नाहीतर असं करा, धाकटीला विचारा. दोघी दिवसभर घरातच असायच्या."

आणि तो दुकानात निघून गेला.

धाकटी चिंग्यून बांबूच्या चिकाच्या पडद्याआड बसली होती. सतराव्या वर्षी ती थोरलीची सवत म्हणून या घरात आली, त्याला चौदा वर्षे झाली होती. थोरली गेल्यापासून ती दिवसभरात जेमतेम दहा वाक्ये बोलत असे. त्यातली सात स्वयंपाकिणीशी. फेईने चिकाखालून कागद आत सरकवले.

"या बायका कामं कधी करतात हो?" आतून आवाज आला.

म्हातारा फेई हसला. "कामात असलेली बाई भिंतीवर कोण लावतं? चाळीस वर्षं बायका काढतोय मी, पण सगळ्या गुरूच्या कागदांवरून. कुणाच्या माजघरात मला कोण बसू देणार? तुम्ही सांगा, थोरल्या बाई काय करायच्या?"

चिंग्यूनने कागद बाजूला ठेवले.

"धुतलेलं रेशीम आम्ही दोघी दोन टोकांना धरून ताणायचो. मोलकरीण निखाऱ्याची इस्त्री फिरवायची. ताई तोंडात पाणी घेऊन फवारा मारायची. कापडावर कमी, माझ्या तोंडावर जास्त."

"मुद्दाम?"

"मुद्दामच. पहिल्यांदा तर रागानंच उडवलं असावं. वर्षभर बोलली नव्हती माझ्याशी. मी किंचाळले, तशी हसायला लागली. आवाज नाही करायची, पलीकडे सासूबाई निजलेल्या. नुसती डाव्या गालाला खळी पडायची."

फेई रोज दुपारी येऊ लागला. ती सांगे, तो काढी. ताईची मान एका बाजूला किती कलायची, कोपराशी बाही कशी दुमडलेली असायची. पाचव्या दिवशी त्याने पुरे झालेले चित्र चिकापाशी धरले. चिंग्यून पाहत राहिली.

"बाही नीट नाही आली," ती म्हणाली.

बाही अगदी बरोबर होती. फेईने ती निरखून पाहिली, चित्र गुंडाळले आणि दुसऱ्या दिवशी बाही नीट करायला पुन्हा आला.

सातव्या दिवशी थांग शेठने चित्र पाहिले. हातातले ताणलेले रेशीम पसंत पडले, केसांची गाठ पसंत पडली. मग त्याचे बोट थोरलीच्या गालापाशी थांबले.

"हे काय?"

"खळी, शेठ."

"तिला खळी नव्हती."

"धाकट्या बाईंनी..."

"अहो, एकोणतीस वर्षं संसार केलाय मी तिच्याशी! मला माहीत नाही?"

दोघांनीही चिकाकडे पाहिले. चिंग्यूनने बोलायला तोंड उघडले. शेठचे बोट अजून त्या रंगवलेल्या गालापाशीच होते, आणि चेहरा असा की कुणीतरी लगेच 'हो' म्हणावे. तिने बाहीच्या काठाशी चाळा करणारी आपली बोटे मुठीत मिटून घेतली.

"माझ्याच आठवणीत गफलत झाली असेल," ती म्हणाली.

फेईने पांढऱ्या रंगाचा एक हात दिला. गाल सपाट झाला. चित्र बैठकीत लागले. येणारे-जाणारे म्हणत, हुबेहूब आहे.

पंधरा-वीस दिवसांनी, दुपारीच, चिंग्यून माजघरात कपड्यांच्या घड्या घालत होती. दारात सावली पडली. तिला वाटले स्वयंपाकीण असेल. थांग शेठ होता. या वेळी तो घरी असल्याचे तिने कधी पाहिले नव्हते. ती उठून उभी राहिली.

"बस, बस," तो म्हणाला, पण स्वतः उंबऱ्याबाहेरच राहिला. तिथून तो माजघर असे बघत होता, जसे दुसऱ्या कुणाचे घर.

"ती खळी..." त्याने विचारले, "कधी पडायची?"

पुन्हा 'गफलत झाली' म्हणता आले असते.

"दुपारी," चिंग्यून म्हणाली. "तुम्ही दुकानात असायचात तेव्हा."

तो परत गेला नाही. चिंग्यून खाली बसली, समोरचे स्टूल मोकळे करून त्यावरच्या घड्या तिने आपल्या मांडीवर घेतल्या.