राधाबाईच्या पदराखाली

सोमवारी सकाळी राधाबाई पॅकिंगच्या खोलीतून पदराखाली काहीतरी लपवून मागच्या दाराने बाहेर गेली, हे फेलिक्सने आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच्या काजूच्या फॅक्टरीत बाई अठरा वर्षं राबतेय, चार मुठी गर गेले तर गेले, असं म्हणून त्याने मन मोठं केलं. मन मोठं केलं तरी गोष्ट डोक्यातून काही गेली नाही.

गुरुवारी कुडाळच्या प्रयोगशाळेतून फोन आला. सोमवारी भरलेल्या मालात साल्मोनेला सापडला होता. हा जंतू कोंबड्यांतून येतो, पालींतून येतो, न धुतलेल्या हातांतून येतो, आणि तो सापडलेला माल कोणी घेत नाही. फेलिक्सने फोन ठेवला आणि त्याच्या डोक्यात एकदम उजेड पडला. राधाबाईकडे वीस कोंबड्या होत्या.

"तीच ती," तो बायकोला म्हणाला. "हयसर बायांका अंडी इकता. पदराखाली अंडीच आसतली."

"इचारलंस तिका?" ईडाने विचारलं.

"चोर काय आपणहून सांगता?"

यंदा त्याने काय कमी केलं होतं? नव्या फरश्या, बायांना टोप्या आणि एप्रन, हात धुवायला वेगळं बेसिन. पाद्रीबाबांना कळू न देता जागेच्या राखणदाराला त्याचा मान, राखणसुद्धा दिली होती. आणि आता एका म्हातारीच्या अंड्यांपायी सगळ्यावर पाणी पडायची वेळ आली. फॅक्टरीची तपासणी होऊन निकाल आला की तिला कायमचं घरी पाठवायचं आणि तिच्या जागी शेजारच्या सुगंधाला घ्यायचं, असं त्याने ठरवूनच टाकलं.

शुक्रवारी प्रयोगशाळेतली अनुजा नमुने घ्यायला आली. पूर्वी निकालाला पाच दिवस लागत. आता नमुना रात्रभर उबेत ठेवायचा, जंतू असले तर वाढतात, मग त्यांचा डीएनए यंत्र तासा-दोन तासांत ओळखतं.

"इथे कोंबडी वगैरे कधी आत येते का?" तिने विचारलं.

"छे, छे," फेलिक्स म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला. "पण त्या राधाबाईंचे हात आधी घ्या. पदरसुद्धा."

सगळ्या बायांसमोर राधाबाईने दोन्ही हात पुढे केले. अनुजाने ओला बोळा तिच्या बोटांवरून, नखांच्या कडांवरून आणि मग पदरावरून फिरवला. राधाबाई फेलिक्सकडे बघत होती आणि फेलिक्स पंख्याकडे. नंतर अनुजा वजनकाटा, टेबलं, अगदी टेबलांचे पायसुद्धा पुसत बसली. एवढं कशाला, असं त्याला वाटलं.

शनिवारी दुपारी ती कागद घेऊन स्वतः आली. "राधाबाईंचे हात स्वच्छ. पदर स्वच्छ. दोनच जागा सोडून सगळंच स्वच्छ." ती भिंतीकडच्या टेबलापाशी वाकली. मागच्या पायाला काथ्याच्या दोरीचा वीतभर तुकडा गाठ मारलेला होता. "ह्या दोरीत आहे आणि वर टेबलाच्या कोपऱ्यावर आहे. इथे काय बांधलं होतं?"

फेलिक्सने ती दोरी ओळखली. रविवारी चर्चमधली मिसा आटोपून आल्यावर त्याने गावातल्या गणपतला बोलावून जागेच्या राखणदाराला नारळ आणि कोंबडा दिला होता. गाऱ्हाणं गणपतने घातलं. राखण उघड्यावर द्यायची, पण रस्त्यावरून कोणी बघेल म्हणून ते कोंबडा आत घेऊन आले आणि दार लावलं. एकदा तो फडफडत टेबलावर चढला, तेव्हा दोघं हसलेही होते. पण तो राखणदाराचा होता. त्याला कोंबड्यांत धरायचं फेलिक्सला सुचलंच नव्हतं.

दोरी राधाबाईच्या अंड्यांच्या टोपलीची असेल, असं म्हणणं सोपं होतं. ते त्याच्या तोंडापर्यंत आलंही.

"कोंबो," तो म्हणाला. "मीच बांधललो." मग राधाबाईकडे वळला. "सोमवारी पदराखाली काय होता?"

"पिसां. हयच टेबलाखाली पडलेली. कोणी बघली तर गोष्ट पाद्रीबाबांपर्यंत जातली, म्हणान न्हेवन चुलीत घातलंय."

फेलिक्सला तोंड कुठे लपवू असं झालं. "माझा चुकला, राधाबाय."

राधाबाईने टोपी काढली, एप्रन सोडून त्याची नीट घडी केली. ती घडी टेबलावर ठेवायला गेली, मग थांबली आणि तिने ती फेलिक्सच्या हातात दिली.

"माझे हात स्वच्छ आसत, ता आता कागदार इला," ती म्हणाली. "तो कागद माका होयो. दुसरीकडे कामाक जातंय, थंय दाखवूक."