खडकाची वरची बाजू

चाकणला कड कुटुंबाच्या शेडमध्ये भाग्यश्री ओव्हाळ दोन वर्षं दगडांचे फोटो काढून घेत होती. समुद्रात तेलाच्या विहिरी खोदताना तळाखालून वर काढलेल्या कांड्या होत्या त्या. मनगटाएवढ्या जाड, हातभर लांब, लाकडी पेट्यांत ओळीनं मांडलेल्या. ज्या तेल कंपनीच्या त्या विहिरी, तिला सगळी जुनी माहिती एका जागी हवी होती. कांडीचा फोटो, ती किती खोलीवरची, तिथे काय सापडलं त्याचे अहवाल, हे सारं संगणकावर एकमेकांना जोडायचं काम भाग्यश्रीच्या कंपनीकडे आलं होतं. शेडवर भूशास्त्र शिकलेली ती एकटीच. बाकीचे फोटो काढणारे आणि पेट्या हलवणारे.

"म्हणजे दगडांची आधार कार्डं काढता म्हणा की," असं तिचे वडील भीमराज म्हणायचे. काळेवाडीच्या घरी ते निवृत्तीनंतर पेपर वाचत बसलेले असत, आणि रोज संध्याकाळी दगडांची खुशाली विचारत.

काम संपलं. तेल कंपनीनं सगळं पाहून पसंती कळवली. मग पिंपरीच्या ऑफिसातून रोहिणी मॅडमचा फोन आला. "फोटो आहेत, माहिती चढलीय. आता दगड सांभाळायचं कारण नाही, असं त्यांचंच म्हणणं आहे. महिनाअखेरीला शेड रिकामी करून दे."

सगळ्यात खूश झाला ज्ञानेश कड. शेड त्याचीच. आजोबांचं शेत होतं तिथे आता त्याच्या तीन शेडी उभ्या होत्या, आणि गाड्यांच्या सीट बनवणारी एक कंपनी या शेडसाठी मागे लागली होती. राजगुरुनगरच्या रस्त्याला त्याच्या चुलतभावाचा एक खोलगट प्लॉट होता. दगड तिकडे टाकायचं ठरलं.

"भरावाला एक नंबर माल आहे, मॅडम," तो म्हणाला.

भाग्यश्रीला वाईट वाटलं, पण फार नाही. अशा कामाचा शेवट असाच होतो हे तिला माहीत होतं. चार विहिरींच्या कांड्या घेऊन पहिला ट्रक गेला तेव्हा ती चहा पीत दारात उभी होती.

दुसरा ट्रक भरताना एका पेटीचा तळ निघाला आणि कांड्या फरशीवर घरंगळल्या. ट्रकवाला म्हणाला, द्या तशाच फेकून. पण भाग्यश्री सवयीनं खाली बसली आणि तुटलेली टोकं एकमेकांना जुळवून कांड्या परत लावू लागली. लावता लावता तिचा हात थांबला.

कांडी विहिरीतून बाहेर आली की तिच्या पाठीवर लगेच दोन रेघा मारतात. कांडी सरळ धरली की लाल उजवीकडे, काळी डावीकडे. त्यावरून दगडाची वरची बाजू कुठली ते कायमचं कळतं. या कांड्या फोटोतल्या क्रमानं लावल्या की लाल रेघ डावीकडे येत होती. म्हणजे पेटीत त्या खालचं टोक वर करून ठेवल्या होत्या, आणि फोटोही तसाच काढलेला होता.

तिनं शेजारची पेटी उघडली. ती बरोबर होती. पुढची उलटी. त्यापुढच्या दोन बरोबर, मग पुन्हा एक उलटी. साफ करून परत भरताना, दोन्ही बाजूंनी माणसं लागलेली असताना केव्हातरी झालं असणार. फोटो समोरच्या कापलेल्या, सपाट बाजूचे. रेघा पाठीवर. त्यामुळे फोटो पाहून कुणालाच शंका आली नव्हती. आणि तपासल्याची सही तिचीच होती.

तिनं शेडच्या मागे जाऊन रोहिणीला फोन लावला.

"उलटा असेल तर संगणकावर फिरवून टाक," रोहिणी म्हणाली.

"कुठला उलटा ते फोटोत कळत नाही, मॅडम. दगड हातात घेऊन पाठ बघावी लागते."

"आणि गेलेला ट्रक?"

"तो गेला."

मग रोहिणी हळू आवाजात म्हणाली, "भाग्यश्री, काम पूर्ण झाल्याचं पत्र आपल्या हातात आहे. पुढचं मोठं काम त्यांच्याकडूनच येणार आहे. जे कुणी विचारलेलं नाही ते आपण होऊन सांगायचं?"

"या फोटोंवरून कुणीतरी उद्या काहीतरी ठरवणार, मॅडम. ते पेटी बघायला येणार नाहीत. पेटीच नसेल."

"मला विचार करू दे," एवढं बोलून रोहिणीनं फोन ठेवला.

ज्ञानेशला ट्रक रिकामा करायला सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग चिडला. "अहो, सोमवारी त्यांची मशिनं येणारेत. मी शब्द दिलाय. तुमचे दगड कुठं ठेवू, डोक्यावर?"

भाग्यश्रीनं वाद घातला नाही. एक कांडी उचलून तिनं त्याच्या हातात दिली. "हे बघा. फोटोत हे इतकं बारीक दिसत नाही, हातानं चाचपावं लागतं. खाली जाडी रेती, वर जाताना बारीक होत गेलीय. पाणी संथ झालं की बारीक गाळ शेवटी बसतो. आपल्या ओढ्यातही असंच दिसतं. म्हणजे ही बाजू वर. आणि फोटोत ही खाली आहे."

ज्ञानेशनं कांडी फिरवून पाहिली. अंगठ्यानं रेती चाचपली. "मग एवढ्यानं काय बिघडतं?"

"मातीचा थर वर असेल तर गॅस खाली कोंडून राहतो. माती खाली असेल तर निसटून जातो. एवढंच."

त्यानं कांडी परत दिली आणि गाल खाजवत उभा राहिला. "घरामागं कांद्याची बराख आहे. मोकळीच आहे. पण ती आईची. तिला विचारा."

गवराबाई अंगणात लसूण सोलत बसल्या होत्या. कांदा साठवायची ती लाकडी बराख त्यांच्या नवऱ्यानं बांधलेली. अजूनही थोड्या उरलेल्या रानातला कांदा त्या तिथेच ठेवत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"दगुड नासत्यात का?" त्यांनी विचारलं.

"नाही, आजी."

"मग ऱ्हाऊ द्या की. पर नवा कांदा यायच्या आत हालवायचं. कांदा काय थांबत न्हाई."

संध्याकाळपर्यंत ट्रक बराखीपाशी रिकामा झाला, आणि शेडमधल्या उरलेल्या पेट्याही तिथेच आल्या. ज्ञानेश स्वतः पेट्यांना खांदा देत होता आणि मधूनमधून कुरकुरत होता.

दुसऱ्या दिवशी रोहिणीचा फोन आला. "त्यांना पत्र पाठवलंय. माझ्या नावानं."

"मॅडम, सही माझी होती..."

"माहितीये. तुझं नाव घातलं असतं, तर एकीची चूक म्हणून सगळे मोकळे झाले असते. घाई मीच लावली होती. तू आता दगडांकडे बघ."

तेल कंपनीनं नीला देवस्थळी यांना पाठवलं. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या भूशास्त्रज्ञ. त्या बराखीत स्टुलावर बसल्या आणि भाग्यश्रीसोबत एकेक कांडी उलटून पाहू लागल्या. रोज येत राहिल्या. उलट्या पेट्या वाटल्या होत्या त्यापेक्षा जास्त निघाल्या. नीलाबाईंनी एकदाही आवाज चढवला नाही, आणि भाग्यश्रीला ते चढवण्यापेक्षा जड गेलं.

शेवटी त्या म्हणाल्या, "गेलेल्या चार विहिरी कुठे आहेत, ते दाखव."

ज्ञानेशनं त्यांना प्लॉटवर नेलं. दगडांवर मुरूम पडला होता, त्यावर रोलर फिरला होता. कडेला एक-दोन तुकडे उघडे होते. नीलाबाईंनी त्यातला एक उचलला, धूळ पुसली. कुठल्या विहिरीचा, किती खोलीचा, काहीच सांगता येणार नव्हतं. त्यांनी तो होता तिथेच ठेवला.

"कंपनीचाच हुकूम होता," त्या म्हणाल्या. "टाका म्हणणाऱ्यांत मीही होते."

परतताना गाडीत भाग्यश्रीनं मनातलं सांगितलं. त्या चार विहिरींच्या प्रत्येक फोटोखाली एक ओळ घालावी: 'वरची बाजू तपासलेली नाही, आता तपासता येणार नाही.'

पिंपरीच्या बैठकीत तेल कंपनीच्या माणसांना ती ओळ आवडली नाही. पैसे मोजून घेतलेल्या माहितीवर कुणी शंका लिहून देतं का, असं एकानं विचारलं. नीलाबाई म्हणाल्या, "राहू द्या. मला ती ओळ हवी आहे. नसली तर मी त्या फोटोंवर डोळे मिटून विश्वास ठेवीन."

ओळ राहिली. उरलेले दगड तेल कंपनीनं आपल्या कोठारात नेले, नवा कांदा यायच्या आधीच. पुढचं मोठं काम मात्र दुसऱ्याच कुणाला गेलं. शेडवरची माणसं पांगली. भाग्यश्री पिंपरीच्या ऑफिसात आली. कासारवाडीजवळच्या एका छोट्या कंपनीचे नकाशे जोडायचं साधं काम तिच्याकडे होतं. घरी भीमराजांनी फक्त एकदा विचारलं, "नोकरी राहिली ना?" ती हो म्हणाली, आणि त्यांनी तो विषय सोडून दिला.

पुढे बऱ्याच महिन्यांनी नीलाबाईंचा फोन आला. कारखान्यांचा धूर जमिनीखाली गाडून ठेवायची एक योजना होती, आणि त्यासाठी बराखीत तपासलेली एक विहीर विचारात होती. जुन्या फोटोत मातीचा सलग जाड थर दिसत होता, झाकणासारखा. पेट्या सरळ केल्यावर त्याच्या मधेमधे रेती निघाली.

"झाकण नाहीच तिथे," नीलाबाई म्हणाल्या. "योजना दुसरीकडे न्यावी लागेल. आमच्या कंपनीतले लोक नाराज आहेत."

"आणि त्या चार विहिरी?" भाग्यश्रीनं विचारलं.

"त्यातली एक फोटोत फार छान दिसते. सगळे म्हणतात, हीच घ्या. मी तुझी ओळ वाचते आणि नाही म्हणते. कदाचित चांगली जागा सोडतही असेन. ते आता कधीच कळणार नाही."

नीलाबाईंनी तिच्या आईवडिलांची चौकशी केली आणि फोन ठेवला.

ती रोहिणीच्या केबिनमध्ये गेली आणि सगळं सांगितलं. रोहिणीनं हातातलं काम बाजूला सारलं. "त्या ओळीनं आपलं काम घालवलं," ती म्हणाली.

"हो, मॅडम."

"काढायला सांगितली तर काढशील?"

"नाही."

"बस," रोहिणी म्हणाली आणि दोघींसाठी चहा मागवला.