जुईसमोर जेवायचं नाही

राहनाळच्या त्या घरात कमळाचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. नवरा बाळाराम, दापोड्याच्या गोदामात सुपरवायझर असलेला मुलगा दीपेश, सून मनाली, तिघंही मागच्या पडवीत दार लोटून जेवत. मासळी तळायची ती जुई झोपली की. पाहुणा आला तर त्यालाही चहाच्या कपासकट आत पिटाळत. नियम एकच होता: जुईसमोर कुणी घास मोडायचा नाही.

जुई कमळाची नात, अडीच वर्षांची. जन्मली तीच अर्धवट अन्ननलिका घेऊन. घशातून निघालेली वाट पोटापर्यंत पोचतच नव्हती. डॉक्टरांनी पोटाला नळी बसवली, लाळ बाहेर यायला मानेला बारीक भोक पाडलं आणि पोर मोठी झाली की जोडू म्हणाले. तोवर रोज थोडं काहीतरी तोंडाला लावा, मानेतून बाहेर येईल, येऊ दे, असंही बजावलं होतं. मनालीनं एकदा दूध चाटवलं. ते मानेवाटे ओघळताना कमळानं पाहिलं, आणि त्यानंतर चमचा पोरीच्या ओठांजवळ नेऊ दिला नाही.

"उपाशी पोराला चव दावून छळायचं?" ती म्हणाली. "उद्या मागंल, तवा काय देशील?"

मनालीनं चमचा धुऊन ठेवला. सासूची माया खोटी नव्हती, हीच तर पंचाईत होती. डोळ्यांत तेल घालून कमळानं ती नळी राखली. दर तीन तासांनी दूध, मग पाणी, मग मान पुसणं. दोन वर्षं ती कुणाच्या हळदीला जेवली नाही, कारण जुई कडेवर असे.

या चैत्रात मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात नऊ तासांचं ऑपरेशन झालं. जठर छातीतून वर ओढून घशाला जोडलं. पोर तीन आठवडे यंत्रांच्या गराड्यात होती. वाचली, तेव्हा बाळारामनं गावदेवीला नारळाचं तोरण बांधलं. सगळ्यांना वाटलं, जिंकलो, आता पोर जेवेल.

जुई जेवेना. चमचा ओठांना लागला की मान फिरवायची, ओकाऱ्या काढायची. एकदा कसाबसा पाण्याचा घोट उतरला तो छातीत दुखला. तेव्हापासून वाटी बघूनच रडायची. जोडलेला भाग आवळत चालला होता. दोनदा भूल देऊन तो रुंद करावा लागला.

रुग्णालयात गिळायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. तुम्ही जेवता तेव्हा ही कुठे असते, असं त्यांनी सहज विचारलं. कमळानं ताठ मानेनं सांगितलं, "आमच्याकडं तिच्यासमोर एक दाना कुनी तोंडात टाकला न्हाय. अडीच वर्सं."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे आजी, माणसं खातात हे तिनं पाहिलेलंच नाही."

मग त्यांनी समजावलं. भूक तोंडानं भागते हे पोरं बघून बघून शिकतात, त्यातला बराच काळ हातचा गेला. आता शिकेल, पण किती ते सांगता येत नाही. कदाचित शाळेतही नळी घेऊनच जाईल. आजपासून तरी तिच्यासोबत जेवा.

 परतताना गाडीत मनालीनं, दीपेशनं चार शब्द सुनावले असते तर कमळानं निमूट ऐकून घेतले असते. पण सुनावण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं; अडीच वर्षं दार लोटून तेही जेवले होते.

घरी येताच कमळानं ओटीवर ताट वाढून घेतलं, तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण. जुईला समोर बसवलं. घास मोडला, तोंडात घातला, चावू लागली. चोरी करताना सापडल्यासारखी तिला लाज वाटत होती आणि डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं.

जुई टक लावून बघत राहिली. मग सरकत जवळ आली. आजीच्या गळ्यावर बोट ठेवून तिनं घास खाली जाताना चाचपला, आजीचे डोळे पाहिले आणि गळ्यावर फुंकर घातली.

"आजी, दुकतंय?"

"न्हाय गो बाय, न्हाय दुखत."

जुईला ते पटलं नाही. दोन्ही हातांनी तिनं ताट आजीपासून लांब ढकललं. "नको खाऊ, आजी. नको," म्हणत ती रडायला लागली.

कमळानं ताट पुन्हा जवळ ओढलं आणि पोर रडत असताना दुसरा घास तोंडात घातला.