न हरलेला टॉवेल

कारखान्याच्या आगीच्या बंबावर आठ जण नोकरीला होते आणि आग काही लागत नव्हती. रिकामे बसून अंगाला गंज चढायला लागला, तेव्हा त्यांनी रस्सीखेचीचा संघ काढला.

रांगेत शेवटी उभा राहणाऱ्याला ते खुंटा म्हणत. रस्सी त्याच्या काखेतून पाठीवर आणि पाठीवरून खांद्यावर येते. पुढचे सात घसरले तरी खुंट्याने हलायचं नाही. पहिल्या सामन्याला खांदा सोलवटू नये म्हणून त्याने रस्सीखाली एक पांढरा टॉवेल घेतला. संघ जिंकला. कप्तानाने फर्मान काढलं, "आपण हरत नाही तोवर हा टॉवेल धुवायचा नाही."

दोन हंगाम ते हरले नाहीत.

आता विचार करा. दारात पाण्याने काठोकाठ भरलेला बंब उभा आहे. अख्खी इमारत धुऊन काढेल एवढा. आणि त्याच्या आरशाला एक टॉवेल लटकतोय, ज्याला दोन हंगाम थेंब शिवलेला नाही. सामन्याआधी आठही जण त्याला हात पुसत, सामन्यानंतर मान, काखा, तोंड. कडक तर असा झालेला की कोपऱ्यात उभा केला असता तर राहिला असता. बावळटपणाला गणवेश घातला की लोक त्याला परंपरा म्हणतात.

मग केसतोडं सुरू झाली. आधी ड्रायव्हरच्या मांडीवर, मग दुसऱ्याच्या कोपरावर, तिसऱ्याच्या अशा जागी की त्याला बंबात बसता येईना.

"कोळी चावला असेल," कप्तान म्हणायचा आणि अंगठ्याने गळू फोडायचा. फोडून झालं की अंगठा टॉवेलला पुसायचा. औषधही त्याच्याकडेच होतं. दाढ काढली तेव्हाच्या कॅप्सूल उरल्या होत्या. त्या संपल्यावर ओळखीच्या दुकानदाराकडून चिठ्ठीशिवाय तशाच आणल्या. एकाची पाकिटं आठ जणांत. प्रत्येकाला एक, फार दुखत असेल तर दोन.

"ठणका थांबला की गोळी थांबवायची," तो बजावायचा. "नाहीतर शरीराला सवय लागते."

सवय कुणाला लागत होती, हे त्याला पुढे कळायचं होतं.

खुंट्याच्या खांद्यावर गळू आलं ते बरोबर रस्सीच्या जागी. लाल, तापलेलं, लिंबाएवढं. त्याची बायको म्हणाली, "अहो, डॉक्टरांना दाखवा. हे पिकलेलं नाही, पेटलेलं आहे."

"अंतिम सामना झाला की दाखवतो."

"तोवर खांदा थांबणार आहे का?"

"वहिनी, तुम्ही काळजी सोडा," कप्तान दारातूनच म्हणाला. "आमचा खुंटा आहे तो. उपटत नाही."

त्याने गळू दाबलं, वर टॉवेल बांधला, दोन कॅप्सूल दिल्या. खुंटा सामनाभर थरथरत उभा राहिला. तापाने. लोकांना वाटलं जोराने, म्हणून टाळ्या जास्त पडल्या. संघ जिंकला. दुसऱ्या दिवशी सकाळी खुंट्याने बायकोला विचारलं, "ताई, तुम्ही कोण?"

तिने त्याला रिक्षात घातलं.

इस्पितळात गळू कापून पू काढला, तपासायला पाठवला, सलाईनमधून औषध सुरू केलं. ताप हलला नाही. तपासणी आल्यावर डॉक्टरीणबाईंनी बायकोला बाजूला घेतलं.

"हा स्टॅफ नावाचा जंतू. कितीतरी लोकांच्या नाकात, कातडीवर गप बसलेला असतो. कातडी सोलवटली की आत शिरतो. पण यांच्यातला आता नेहमीच्या औषधांना जुमानत नाही. दुसरं औषध सकाळी चालू केलंय. त्याला दाद दिली तर बरं."

"नाही दिली तर हात जाईल?"

"रक्तात उतरलाय तो. नाही दिली तर प्रश्न हाताचा राहणार नाही."

बायको पलंगाशी येऊन बसली. दर थोड्या वेळाने ती हात धुवायची, नवऱ्याच्या कपाळाला लावायची, पुन्हा धुवायची. कपाळ तव्यासारखं. तसंच कोरडं.

दुपारी डॉक्टरीणबाई तपासायला आल्या असताना कप्तान आला. गळ्यात टॉवेल.

"घाबरू नका वहिनी. डॉक्टरीणबाई, हा गडी मी तयार केलाय. शेडमागे पिंप टांगलंय, त्यात रोज मूठभर वाळू वाढवायची आणि ओढायला लावायचं. एकदम भार टाकला तर गडी मोडतो. थोडा थोडा टाकला तर बैल होतो!"

"आणि गोळ्या तुम्हीच देत होता?"

"मीच की. एक, फार तर दोन."

"म्हणजे थोड्या थोड्या."

"तर! एकदम कशाला?"

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "जंतूलाही तुम्ही तेच पिंप ओढायला लावलंत. मोडेल एवढा भार कधी टाकला नाही. तोही गडी चांगला तयार झालाय हो तुमचा. अभिनंदन."

कप्तानाला एवढंच कळलं की अभिनंदन झालं. पण ते आवडलं नाही. तो पलंगाकडे वळला आणि ओरडला, "वहिनी, घाम!"

खुंट्याच्या कपाळावर खरोखरच घाम फुटला होता. ताप उतरताना फुटतो तसा. बायको उठेपर्यंत कप्तानाने सवयीने गळ्यातला टॉवेल काढला आणि कपाळाकडे नेला. खाली खांद्याची उघडी जखम, पट्टीचा एक कोपरा सुटलेला.

बायकोने टॉवेलचं दुसरं टोक धरलं.

"सोडा, भाऊजी."

"अहो, नुसतं पुसतो! यानेच तर जिंकलो आपण."

"सोडा म्हणते ना!"

आता कप्तानाच्या हातातलं काहीही कुणी ओढलं की त्याच्या टाचा आपोआप रुततात. रुतल्या. बायकोही मागे झुकली. पलंगावरून टॉवेल ताणला गेला. शेजारच्या पलंगावरची म्हातारी उठून बसली. "ओढ गं बाई!"

बायको फरशीवर घसरू लागली. तेवढ्यात पलंगावरून डावा हात वर आला. खुंट्याने डोळे उघडले होते. त्याने टॉवेल धरला, बायकोच्या बाजूला, आणि हिसका दिला.

कप्तान दोन पावलं पुढे आला. त्याच्या हातात काहीच उरलं नाही.

कप्तान रिकाम्या हातांकडे बघत राहिला.

"कप्तान," खुंटा पुटपुटला, "हरलात."

"हा सामना धरायचा नाही! पंच कुठंय?"

"मी होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"हरलं की धुवायचा," खुंटा म्हणाला. "तुमचाच नियम."

बायकोने टॉवेल पिशवीत कोंबला, वर गाठ मारली आणि बेसिनशी गेली. आधी स्वतःचे हात, मग परत येऊन नवऱ्याचा डावा हात, बोटांच्या बेचक्यांपर्यंत. मगच कपाळाला हात लावला. ओलं होतं, आणि निवलेलं. ती खुर्चीत बसली आणि रडली. पदराला डोळे पुसावेसे वाटले, तिने पुसले नाहीत.

कप्तान जायला वळला. गळ्यात टॉवेल नव्हता, म्हणून मान पहिल्यांदाच उघडी दिसली. कॉलरच्या वर लाल, तापलेलं, लिंबाएवढं.

"भाऊजी, ते काय?"

त्याने हात मानेवर झाकला. "कोळी चावला."

"अख्ख्या बंबाला एकटा चावतोय. फार कष्टाळू दिसतो."

डॉक्टरीणबाईंनी स्टूल पुढे सरकवलं. "हात धुवा आणि बसा. आणि बाकीच्या सहा जणांना फोन लावा."