भरीत खाण्याआधीची जळजळ

भरीत ठेचायचं काम रुपचंदनाना कुणाला करू देत नसत. अमळनेरकडच्या त्यांच्या शेतात थंडीतली भरीत पार्टी रंगली होती. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर हिरवी वांगी भाजून झाली होती. फोडणीचं तेल वर तरंगायलाच हवं, नाहीतर यजमान चिक्कू ठरायचा! पण ठेचता ठेचता नाना एकदम थांबले. कपाळावर घाम, डावा हात जड. छातीत जळतंय म्हणाले.

"मिरची लागनी," म्हणत चुलतभाऊ निंबा सोड्याची बाटली घेऊन आला. भरीत पार्टीत छाती जळणं म्हणजे पाहुणचाराची पावतीच. घाबरणार कोण?

नानांची बायको मंजुळाबाई घाबरली नाही, भडकली. सासरे असेच गेले होते, थोरले दीरही. दोघांनाही गावानं पित्त ठरवून सोडा पाजला होता. नवऱ्याच्या बाबतीत ती हे होऊ देणार नव्हती.

"आजून ताट वाढं नही. मिरची कशी लागनी?"

निंबानं बाटली खाली ठेवली. धाकट्या दिराला, समाधानला, तिनं गाडी काढायला लावली आणि थेट धुळ्याचा दवाखाना गाठला.

नानांना हृदयाचा झटकाच होता; स्टेंट बसली. "अगदी वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी तंबाखू, बीपी, तेल, बसून राहणं, सगळ्याची झाडाझडती घेतली. घरात आधी कुणाला त्रास होता का, हेही विचारलं. मंजुळाबाईनं दोन्ही मृत्यू सांगितले.

"मग सख्ख्या भावाचीही तपासणी करा. दुखायची वाट बघू नका."

कोपऱ्यात समाधान तंबाखू मळत होता.

"चाल," ती म्हणाली.

"माले काय व्हयनं शे, वहिनी? पोतं एकहाती उचलस मी."

"तुना बाप बी उचले. तुना भाऊ बी उचले. फेक ते, आनि बस."

वहिनीपुढं त्याचं कधी चाललंय? बसला. नर्सनं दंडाला पट्टा बांधला, आकडा बघून पुन्हा बांधला आणि डॉक्टरांना हाक मारली. बीपी भलतंच चढलेलं होतं. रक्तात साखरही वाढलेली निघाली. पोतं उचलणाऱ्याचा सगळा रुबाब उतरला.

"गोळ्या, रोजचं चालणं, तंबाखू कायमची बंद," ईसीजी काढून बघितल्यावर डॉक्टर म्हणाले. "हृदय अजून शाबूत आहे."

"सापडनं! येळवर सापडनं!" मंजुळाबाई म्हणाली, आणि शेतापासून आवरून धरलेलं रडू तिला तिथंच, भरल्या दवाखान्यात फुटलं.